ते जिंकतात, आम्ही गागनेंटतो

मराठी माणसाकडे निराधार अभिमानांचा साठा मोठा आहे. त्यातला सगळ्यांत टिकाऊ माल कोणता? ‘आमची भाषा शास्त्रशुद्ध, लिहितो तशीच बोलतो.’ ग्वाल्हेरला हे वाक्य जरा जास्तच खणखणीत ऐकू येतं. साहजिक आहे. रस्त्यावर हिंदी, बाजारात हिंदी, घरात अर्धी हिंदी आणि नातवंडांच्या तोंडी तर अख्खी हिंदी. उरलेल्या मराठीला निदान शास्त्राचा तरी टेकू नको का? म्हणून गणेशोत्सव असो, कोजागरी असो, कुणीतरी उपरणं सावरत उभा राहतो आणि सांगतो, की इंग्रज आणि फ्रेंच हे दोन अभागी समाज अक्षरं लिहितात आणि गिळतात, आपण मात्र एकेका अक्षराला न्याय देतो. टाळ्या. मग मसाला दूध.

या गृहस्थाला आपण शास्त्रीबुवा म्हणू. शोधायला जाऊ नका, प्रत्येक मंडळात एक असतोच आणि नसला तर घटना दुरुस्त करून नेमतात.

शास्त्रीबुवांचं वाक्य मी वर्षानुवर्षं शेंगदाण्यांबरोबर सोडून दिलं असतं. पण हल्ली त्या वाक्यातून धंदा उभा राहिला आहे. कॅनडाला कायमचं जायचं तर फ्रेंच येणाऱ्याला जादा गुण मिळतात, ही बातमी चंबळ ओलांडून आमच्याकडे पोचली आणि गल्लीबोळांत फ्रेंचचे क्लास निघाले. माझी भाची अशाच एका क्लासला जाते. तिची वही परवा हातात आली. पानावर सुवाच्य देवनागरीत लिहिलेलं होतं: ‘इल्स गागनेंट. गाग-नेंट. वे जीतते हैं.’

‘हे काय गं?’ मी विचारलं.

‘मामा, क्रियापद आहे. सर म्हणतात, जैसा लिखा है वैसा पढ़ो, डरना नहीं.’

घाबरायचं फ्रेंचांनी. आता या बिचाऱ्या क्रियापदाची चिरफाड बघा. धातू ‘जिंकणे’, वर्तमानकाळ, तृतीय पुरुष, अनेकवचन. अक्षरं सात: जी, ए, जी, एन, ई, एन, टी. उच्चार? ‘गाञ्’. झालं. एकच तुकडा. शेवटची तीन अक्षरं, ई-एन-टी, ही निव्वळ शोभेची. ती डोळ्यांना सांगतात की कर्ते अनेक आहेत, कानाला काहीच सांगत नाहीत. मधले जी आणि एन मिळून एकच ध्वनी. छापताना ओळ संपली आणि शब्द तोडायचा झालाच, तर फ्रेंच मुद्रक पहिल्या ओळीत ‘गा’ ठेवतो आणि जी-एनची जोडी अखंड खाली उतरवतो. त्या जोडीत सुरी घालायला सक्त मनाई आहे. आमच्या सरांनी सुरी कुठं घातली? नेमकी तिथंच. गाग. नेंट.

आणि विनोद तर पुढेच आहे. जी-एनचा हा ध्वनी लिहायला देवनागरीत स्वतंत्र अक्षर आहे! ञ! पहिलीपासून पाटीवर गिरवलेला, ‘च छ ज झ’च्या शेपटाला बांधलेला, एरवी कुणाच्याही कामी न येणारा ञ. हजारो वर्षं बसून पगार खाल्ला गड्यानं. त्याच्यासाठी अखेर काम चालून आलं, तेही थेट फ्रान्सहून, आणि त्या दिवशी आमच्या सरांनी त्याला रजेवर पाठवून ‘ग्न’ला कामावर घेतलं. आता सांगा, रोमन लिपी अडाणी की आपण?

फ्रेंच लेखन शहाणं आहे असं मी म्हणतो आहे, अशी शंका कुणाला येत असेल तर ती लगेच काढून टाका. ते वेडंच आहे. ‘बोलणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळात सहा रूपं होतात. लिहिताना पाच वेगळी, बोलताना तीन. ‘ते खात होते’ लिहायला दहा अक्षरं लागतात आणि ध्वनी निघतात चार: मां-झे. त्यातल्या एका ई ची नेमणूक केवळ एवढ्यासाठी, की शेजारच्या जी नं ‘ग’ म्हणू नये. याला म्हणतात सरकारी नोकरी.

हे सगळं टिकलं कसं? तिथंही शास्त्रीबुवा आहेत म्हणून! त्यांची अकादमी १६३५ साली कार्डिनल रिशल्यूनं काढली. सभासद चाळीस, आणि त्यांना म्हणतात ‘अमर’. आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीलाही हे नाव शोभलं असतं, तिथूनही कुणी हलत नाही. तर १६७३ साली या अमरांच्या कोशाची तयारी चालू असताना मेझरे नावाच्या त्यांच्याच सभासदानं स्पष्ट लिहून ठेवलं, की जुनं लेखन राखायचं, कारण त्यानं विद्वान माणूस अडाण्यांपासून आणि भोळ्याभाबड्या बायकांपासून वेगळा ओळखू येतो. काय प्रामाणिक माणूस! आमचे बुवा हेच करतात, पण ‘शास्त्र’ म्हणतात. फ्रान्समध्ये १९९० साली थोडी झाडलोट सुचवली गेली, ‘कांदा’ या शब्दातला उच्चारात नसलेला आय काढला तरी चालेल एवढं म्हटलं, तर असा गदारोळ झाला जणू कांद्याऐवजी व्हर्सायचा राजवाडाच सोलून काढला.

असो. हसून झालं? आता जरा आपल्या घरात या. दार लोटून घ्या, शेजारी ऐकतील.

शास्त्रीबुवा, म्हणा बरं ‘जिंकतात’. लिहिताना किती अक्षरं? जिं, क, ता, त. चार. एकेकाला न्याय देऊन म्हणा. जिं-क-ता-त. छान! बालवाडीच्या स्नेहसंमेलनात पहिला नंबर. आता तेच वाक्यात म्हणा: ‘निवडणुका तेच जिंकतात.’ जिंक्-तात्. दोन तुकडे. क मधला अ कुठं गेला? शेवटच्या त चा अ कुठं गेला? लिहिले होते, मग गिळले कुणी? फ्रेंचांनी?

याच्याही पुढची गंमत ऐका. ‘मला समजत नाही’ असं म्हणा. सम्-जत्. आता ‘मला समजतं’ म्हणा. स-मज्-तं. धातू तोच, अक्षरं तीच, फक्त शेवटी एक टिंब आलं, आणि शब्द भलत्याच जागी मोडला! पहिल्यात म चा अ मेला, दुसऱ्यात तो जिवंत होऊन ज चा अ मेला. ‘आता बसवत नाही’ मध्ये बस्-वत्. ‘तुला घोड्यावर बसवतो’ मध्ये ब-सव्-तो. हे मोडणं कुठल्या लिपीत दिसतं? कुठंच नाही. पाय मोडण्याची खूण आपल्याकडे आहे, पण ‘समज्तं’ असं लिहून बघा, परीक्षक अर्धा गुण कापतील आणि वर लाल रेघ मारतील. म्हणजे खरं लिहिलं तर चूक आणि खोटं लिहिलं तर शुद्ध. ही ‘लिहितो तसं बोलतो’ भाषा!

मराठी मूल हे सगळं न शिकवता शिकतं, कारण ते आईच्या तोंडून ऐकतं. अडचण होते ती आमच्या ग्वाल्हेरच्या तिसऱ्या पिढीची. ती मराठी ऐकत नाही, वाचते. म्हणून तिचं ‘समजतं’ कधी कधी स्टेशनवरच्या घोषणेसारखं येतं आणि पुण्याहून आलेली आत्या हसते. आत्याला सांगा, हा तुमच्या शास्त्राचा विजय आहे. पोरगी लिहिलं तसंच बोलली.

आता अनुस्वार. मराठी साहित्य महामंडळाचे नियम सरकारनं १९६२ साली मान्य केले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार गेले. ‘पांच’मधलं टिंब गेलं, ‘नांव’मधलं गेलं, ‘कांहीं’मधली दोन गेली. जे अमरांना तीनशे वर्षांत जमलं नाही ते आपण एका फटक्यात केलं. खरं तर फ्रेंचांपुढे मिरवायची हीच गोष्ट. पण शास्त्रीबुवा नेमके तिच्यावरच रुसलेले! ते अजून पत्राला ‘नांव’ लिहितात आणि व्युत्पत्तीची हत्या झाली म्हणून हळहळतात. बुवा, एक काहीतरी ठरवा. लिहितो तसंच बोलतो, असं म्हणायचं असेल तर न बोललेल्या टिंबासाठी रडू नका. टिंबासाठी रडायचं असेल तर फ्रेंचांच्या ई-एन-टीला हसू नका. त्यांची ती तीन अक्षरं म्हणजे तुमचं टिंबच आहे, जरा लांबवलेलं.

बरं, टिंब गेल्यावर तरी लेखन आणि बोलणं एक झालं का? छे! नियमाप्रमाणे ग्रंथात लिहायचं ‘केले’, आणि बोलायचं ‘केलं’. ‘त्याने काम केले’ असं जित्याजागत्या माणसाच्या तोंडून तुम्ही शेवटचं कधी ऐकलं? आकाशवाणीच्या बातम्या सोडून सांगा. लिहिण्याचं क्रियापद एक, बोलण्याचं दुसरं, आणि दोन्ही शुद्ध. हे फ्रेंचांनाही सुचलं नसतं.

फ्रेंच मास्तरांचं एक आवडतं वाक्य आहे, मठातल्या कोंबड्या अंडी उबवतात अशा अर्थाचं. त्यात ‘मठ’ आणि ‘उबवतात’ हे दोन शब्द शेजारी येतात, दोघांचं लेखन अक्षरशः एक, पण मठ ‘कूवाँ’ आणि उबवणं नुसतं ‘कूव’. शास्त्रीबुवांना हे सांगितलं की ते पोट धरून हसतात. हसा. आणि मग हे वाचा: ‘चार गाई चार.’ पहिला चार म्हणजे तीनच्या पुढचा. दुसरा आज्ञार्थी, चारा घाल असं सांगणारा. पहिल्याचा च तालव्य, दुसऱ्याचा दंततालव्य, कानाला साफ वेगळे. लिपीत? जुळे भाऊ. मोरो केशव दामल्यांचं १९११ सालचं जाडजूड व्याकरण बुवांच्या कपाटात पहिल्या रांगेत आहे, कोरं करकरीत. ते उघडायला हवं होतं. ग्वाल्हेरात हिंदीच्या शेजारामुळे हा दुसरा च आता मरणपंथाला लागला आहे, आणि लिपीला त्याचं सुतक नाही, कारण लिपीला तो होता हेच माहीत नव्हतं.

‘ज्ञान’ या शब्दाची कथा तर विचारूच नका. घटक ज आणि ञ. (पुन्हा तोच पगारी ञ!) मराठी म्हणते ‘द्न्यान’, हिंदी म्हणते ‘ग्यान’. आमच्या घरात सासूबाईंचा ज्ञानेश्वर द्न्य आणि सुनेच्या शाळेतलं विज्ञान ग्य. दोघीही लिहितात तसंच बोलतात, बरं का!

मग सरांनी करायचं काय? मराठेशाहीतल्या कारकुनांकडे जायचं. गंमत म्हणजे फ्रेंच शब्दाचा उच्चार कसा ऐकावा याचे धडे मराठ्यांच्या इतिहासातच पडले आहेत. अठराव्या शतकात हैदराबादेत बुसी नावाचा फ्रेंच सेनानी होता. फ्रेंचमध्ये ‘श्रीयुत’ला जो शब्द आहे तो लिहायला आठ अक्षरं, आणि बघून वाचला तर ‘मॉन-सि-युर’ होतो. माझ्या भाचीच्या वहीत अगदी असाच आहे. फ्रेंच माणूस म्हणतो ‘म-स्यो’. पेशवाईतल्या मोडी कारकुनानं काय लिहिलं? ‘मुसा’. मुसा बुसी! त्याला रोमन लिपी येत नव्हती, व्याकरण ठाऊक नव्हतं, क्लासची फी भरलेली नव्हती. त्याला फक्त कान होते. आणि त्याचा ‘मुसा’ आजच्या छापील ‘मॉनसियुर’पेक्षा पॅरिसला कितीतरी जवळचा आहे.

त्याच कानानं फ्रेंच ‘गार्द’चा ‘गारदी’ केला. याच कवायती शिपायांनी ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा जीव घेतला. आणि आख्यायिका काय सांगते? चिठ्ठीत ‘धरावे’ होतं, आनंदीबाईंनी ध चा मा केला आणि झालं ‘मारावे’. म्हणजे मराठीतलं सर्वांत प्रसिद्ध क्रियारूप हे डोळ्यांनी वाचलेलं आणि डोळ्यांनीच फसवलेलं रूप आहे. इतिहासकार ही गोष्ट मानोत न मानोत. पण ज्याला ‘जैसा लिखा वैसा पढ़ो’ हा मंत्र फार प्रिय आहे त्यानं ती भिंतीवर लावून ठेवावी. गारद्यांनी तेच केलं होतं.

पुढे महादजी शिंद्यांनी १७८४ साली द ब्वाञला नोकरीत घेतलं. हा गृहस्थ शांबेरीचा, सॅव्हॉयमधला. तेव्हा तो मुलूख फ्रान्समध्ये नव्हताही. त्यानं कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्या पलटणींना आपण ‘कंपू’ म्हणालो. दौलतरावांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याखाली तळ टाकला, त्याचं लष्कर झालं, आणि त्या लष्करात कंपू नावाचा मोहल्ला आजही नांदतो. टेंपोवाला रोज ओरडतो. कंपू कुठून आला, पोर्तुगीज ‘कांपो’वरून की आणखी कशावरून, यावर पंडितांनी खुशाल डोकी फोडावीत. ऐकला, तोंडात बसवला, दोनशे वर्षं चालवला. आणि द ब्वाञ? त्याच्या नावाच्या शेवटी तीच जी-एनची जोडी. मराठी पुस्तकांत तो कुठं डिबॉईन, कुठं डी बॉयन. चालेल, निदान प्रयत्न तरी कानाचा आहे. आमचे सर त्याला ‘डी बोइग्ने’ करतील. ज्यानं महादजींना लालसोट, पाटण, मेडत्याच्या लढायांत साथ दिली, त्याचा असा अंत व्हावा?

‘पण मग कविता?’ शास्त्रीबुवा आता हुकमाचं पान टाकतात. ‘वृत्तात प्रत्येक अक्षर मोजतात की नाही? गाताना प्रत्येक अक्षर उमटतं की नाही?’ उमटतं, बुवा, अगदी उमटतं. या गावात तर ते नाकारण्याची सोयच नाही. कृष्णराव शंकर पंडितांच्या गावात राहून बंदिशीतलं अक्षर खायचं म्हणजे पापच. बोलताना मेलेला अ गाताना उठून बसतो, त्याच्यावर तान घेता येते. भा. रा. तांबे याच ग्वाल्हेरचे राजकवी; त्यांची कविता म्हणताना ‘करतो’चे तीन तुकडे करावे लागले तर करायचे, बाजारात जाताना दोन. पण हे नेमकं फ्रेंचांसारखंच आहे हो! ‘फ्रेर झाक’ हे त्यांचं बालगीत घ्या. ही दोन नावं बोलताना दोनच तुकडे, गाताना चार: फ्रे-रे झा-के. मुका ई गाण्यात बोलका होतो. त्यांच्या जुन्या छंदातही तो मोजतात, अगदी ‘ते बोलतात’मधला ई-एन-टीचा ई सुद्धा, पुढे व्यंजन आलं तर. तुमचा लुप्त अ आणि त्यांचा मुका ई हे सख्खे मावसभाऊ आहेत. कवितेत दोघं कोट घालून येतात, घरी दोघं दिसेनासे होतात. दिसेनासं होण्याला लोप म्हणतात हे पाणिनीनं सांगून ठेवलंय, तेव्हा हे संस्कृतात तरी कळेल.

आणि संधी? संधीचा तर बुवांना केवढा गर्व! दोन शब्द भेटले की ध्वनी बदलतात, ही म्हणे आर्यांची देणगी. फ्रेंचही तेच करतात. ‘तो प्रेम करतो’ म्हणजे इ-लेम, ‘ते प्रेम करतात’ म्हणजे इल-झेम. सर्वनामाच्या शेवटी एरवी मुका बसलेला एस पुढे स्वर दिसताच जागा होतो, झ बनतो आणि उडी मारून पुढच्या शब्दाच्या पहिल्या तुकड्यात शिरतो. क्रियापदाच्या शेपटातलं अनेकवचन मुकं, आणि खरं अनेकवचन दोन शब्दांच्या सांध्यावर ऐकू येतं! यापेक्षा देखणी संहिता कुठं आहे? पण आपण केली की संधी, त्यांनी केली की अनियमितपणा. भाचीच्या वहीत ‘इल्स ऐमेंट’ लिहिलंय. सरांनी एस जागच्या जागी ठेवला, झ मारला, वर शेपटीला घंटा बांधली. तिकडच्या परीक्षेत कानानं ऐकून उत्तरं द्यायची असतात. तिथं एकही माणूस ‘ऐमेंट’ म्हणणार नाही आणि पोरगी वाट बघत बसेल.

शास्त्रीबुवांचं चालू द्या. त्यांच्या वाक्यानं फार तर मसाला दूध नासतं. सरांच्या वाक्यानं लोकांचे पैसे जातात. म्हणून आईबापांना एकच विनंती. फी भरण्याआधी सरांना विचारा: ‘तो जिंकतो’ आणि ‘ते जिंकतात’ यांच्या फ्रेंच उच्चारात फरक काय? त्यांनी वही उघडून फरक समजवायला सुरुवात केली, की पाकीट खिशात परत ठेवा. फरक नाही. दोन्हींचा उच्चार ‘इल गाञ्’.